दातावरच्या रेघा

पडद्यावर एक दात दिसत होता, दाराएवढा मोठा. हिंगोलीच्या कॉलेजातला सगळा हॉल मान वर करून त्याच्याकडे बघत होता.

"हा दात ज्या लेकराचा, ते आपल्याच भावकीतलं," पुण्याहून आलेल्या संशोधक अनुश्री मॅडम सांगत होत्या. "माणसाच्या जवळची, पण केव्हाच नामशेष झालेली जमात. या आडव्या रेघा बघा. लहानपणी पक्का दात हिरडीत घडत असतो. तेव्हा उपासमार झाली किंवा मोठं आजारपण आलं, की दातावरचं कवच तेवढ्या जागी नीट भरत नाही. रेघ राहते. पुढं कितीही खा-प्या, ती बुजत नाही."

"अन् एकाखाली एक काहून?" पहिल्या रांगेतून संस्थेचे अध्यक्ष भागवतराव यांनी विचारलं.

"वाईट दिवस ठरावीक हंगामात परत परत येत असावेत."

"अरारा. लई हाल झाले असतील लेकराचे." भागवतरावांचा आवाज खरोखरच दाटून आला होता.

स्टेजच्या कडेला पुनम राठोड उभी होती. आभारप्रदर्शन तिच्याकडं होतं. तिनं जिभेनं आपले पुढचे दात चाचपले. तिथल्या खाचा जिभेला कधीच्या पाठ होत्या. आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. भागवतराव अध्यक्ष खरे, पण मूळ धंदा ऊसतोडीला मजुरांच्या टोळ्या पुरवण्याचा. दिवाळी सरली की पुनमचे आईबाप त्यांच्याच ट्रकमध्ये चढायचे, आणि उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोपीत, त्या वीतभर झोपडीत, बारकी पुनम शिळ्या भाकरीवर दिवस काढायची. कुठल्या काळी मेलेल्या पोरासाठी या माणसाला कढ येतो, आणि डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढणारी पोरं याला कधी दिसली नाहीत.

कार्यक्रम सांभाळणाऱ्या नचिकेत सरांनी खूण केली. पुनम माईकपाशी गेली. पाहुण्यांचे आभार झाले, प्राचार्यांचे झाले.

"आता अध्यक्षसाहेबांचे," ती म्हणाली. "ते मेलेल्या लेकरासाठी हळहळले, त्याबद्दल. मॅडम, अशा रेघा माझ्या दातावर बी हायेत. साहेबांच्या टोळीसंग हिंडताना पडल्या. उपाशी राहून पडल्या का तापानं, ते दात सांगत नसंल. मी सांगते. दोन्हीनं."

नचिकेत सर लगबगीनं आले आणि माईकवर हात ठेवून पुटपुटले, "पुनम, तुझे आईवडील आत्ताही यांच्याच टोळीत आहेत. उद्या हाकलून दिलं म्हणजे?"

तिला ते ठाऊक नव्हतं थोडंच. पण आजवर गिळलेला राग आता काही केल्या गिळवेना.

भागवतराव उठून उभे राहिले. "कोणाची पोरगी हाय ही?"

पुनमनं सरांचा हात माईकवरून बाजूला केला.

"भावसिंग राठोडची. बाप बी, माय बी, आज तुमच्याच फडात हायेत. माझा बारका भाऊ रुद्र बी तिथंच हाय. तीन वर्षांचा. त्याचे पक्के दात आता घडून राहिले, साहेब."