हात लावायचा नाही

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे बिशप आज बारा जणांचे पाय धुणार होते. त्या बारांत कबरी खोदणाराही होता. दुसरा कुणी असता तर छाती फुगवून बसला असता. याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. चर्चच्या सेवकानं तंबीच दिली होती, "मान खाली, तोंड बंद. आणि काही झालं तरी बिशपसाहेबांना हात लावायचा नाही."

घरी त्यानं पाय घासघासून लाल केले होते, तरी नखांतली माती हटली नव्हती.

म्हातारे बिशप त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले. पाय धुतले, पुसले आणि तिथेच थांबले. पुढच्या माणसाकडे सरकेनात. यानं पायाची बोटं आत मुडपली. माती दिसली असणार. आता सगळ्यांदेखत हाकलतात की काय?

"गुडघे धरलेत रे," बिशप पुटपुटले. "उठता येईना."

त्यानं सेवकाकडे पाहिलं. सेवक डोळे वटारून उभा होता.

"साहेब, तुम्हाला हात लावायची मनाई आहे मला."

बिशपांनी त्याच्या धुतलेल्या पायाचा आधार घेतला. "रोज माणसं खाली ठेवतोस ना? आज एकाला वर घे."