धारेवरची वेळ

डोंगराच्या धारेवरून धावायचं तर अंगावर जास्तीचं वजन नको, म्हणून मी बनियनचं लेबल उसवलं, बुटांच्या नाड्या अर्ध्या कापल्या आणि तीस वर्षांची मिशीही उतरवली. मेव्हण्याचा चार तास बारा मिनिटांचा विक्रम नऊ वर्षं माझ्या छातीवर बसला होता. त्या दिवशी मी असा सुटलो, की माझी सावली दोनदा म्हणाली, जरा दम खाऊ द्या. शेवटचा कातळ चारी हातापायांनी चढलो, टोकाच्या दगडाला हात लावला आणि वेळ बघायला मनगट वळवलं. मनगट रिकामं. वजन नको म्हणून घड्याळ मीच घरी काढून ठेवलं होतं, फोन गाडीत.

घरी आलो, तर मेव्हणा चहा पीत बसलेला. “किती लागले, भावोजी?”

“मोजलेच नाहीत,” मी दातओठ खात म्हणालो. “नऊ वर्षांची मेहनत पाण्यात गेली.”

“मग चार तास अकरा मिनिटं सांगा,” तो कपात बघत म्हणाला. “माझे बारा मीही असेच सांगितले होते.”