माऊस चालेल असा फोन

तिसऱ्या फोनलाही माऊस चालला नाही. नेतोनं वायर काढली, फोन मागच्या खोक्यात टाकला आणि चौथा उचलला.

"स्वस्तातल्या फोनांचं हेच असतं, ताई," तो मारिसेलाला म्हणाला. "भोक तेच, पण चार्जिंगशिवाय दुसरं काही जोडून घेत नाहीत. काकांना माऊस कशाला हवाय पण?"

काका, म्हणजे मारिसेलाचे वडील फिदेन्सिओ, समोरच स्टुलावर बसले होते. फोन त्यांना हवा, पण विचारायचं मुलीला, ही रीत आता सगळ्यांनीच धरली होती. जुन्या बाजारातला हा फोनवाला तरी वेगळा कशाला वागेल? मारिसेलानंच सांगितलं. बाबांचे हात कापतात. काचेवर बोट टेकवलं की एकाच्या जागी चार अक्षरं उमटतात. दवाखान्यात एक बाई फोनला माऊस जोडून लिहीत होती, ते पाहिल्यापासून यांनी ध्यास घेतलाय. डॉमिनो खेळायचंय म्हणतात.

मग बोलून का लिहीत नाहीत, नेतोनं विचारलं. हल्लीचे फोन ऐकून लिहितात. त्यानं हौसेनं फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. फिदेन्सिओंचा आवाजही हातांसारखाच कापायचा. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि फोननं लिहिलं, 'पाच कोंबड्या.' मारिसेला हसली, नेतो हसला, आणि वाईट दिसू नये म्हणून फिदेन्सिओही हसले.

डॉमिनोची थाप होती. चाळीस वर्षं ट्रकच्या सीटा शिवलेल्या या माणसाला बहिणीला फक्त एक ओळ लिहायची होती. चायो नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या कामार्गोत राहायची, आईच्या घरात, एकटी. दर रविवारी तिचा फोन यायचा तो मारिसेलाच्या फोनवर. मारिसेला तो स्पीकरवर टाकायची आणि वडिलांनी तोंड उघडायच्या आत सांगून मोकळी व्हायची की बाबा मजेत आहेत, छान जेवतात, आता परत जायचं नावही काढत नाहीत. खोटं बोलत नव्हती बिचारी, तिला खरंच तसं वाटायचं. ती त्यांच्या शर्टाची बटणं लावायची, मांस बारीक चिरून द्यायची, बाथरूमचं दार लावू द्यायची नाही. त्या घरात त्यांचा जीव गुदमरत होता, आणि हे तिच्या तोंडावर सांगायची त्यांची छाती होत नव्हती. तिनं त्यांच्यासाठी नोकरी अर्धी केली होती. कोणत्या तोंडानं सांगणार?

चौथ्या फोनच्या पडद्यावर छोटासा पांढरा बाण उमटला.

नेतोनं बाणाचा वेग कमी करून दिला. फिदेन्सिओंनी मनगट टेबलावर दाबून धरलं आणि माऊस सरकवला. बाण जरासा थरथरला आणि त्यांना हवा तिथे जाऊन थांबला. आपलं कुणीतरी ऐकतंय, असं कितीतरी महिन्यांनी झालं होतं. त्यांचे डोळे भरून आले. मारिसेलानं लगेच रुमाल काढून ते पुसले.

किंमतही साठ डॉलरच्या आत होती. ती खूश झाली. कपातला मका आणते म्हणाली, आणि जाताजाता नेतोला बजावून गेली की यांच्याकडे लक्ष ठेव, स्टुलावरून पडायचे.

फोनमध्ये नेतोचंच सिम होतं. काहीतरी लिहून बघा काका, तो म्हणाला. चायोचा नंबर त्यांना पाठ होता. मक्याच्या गाडीपुढे रांग होती आणि रांगेत मारिसेलाची पाठ दिसत होती. ते एकेक अक्षर टिपत गेले. पुढे पाच माणसं होती, मग तीन, मग एक.

'चायो, मला इथून घेऊन जा. कोणाला सांगू नकोस. फिदेन्सिओ.'

नेतोनं ते वाचलं. पाठवायचं बटण कुठे आहे, ते त्यानं बोटानं दाखवलं. बटण फिदेन्सिओंनी स्वतः दाबलं. मग दोघंही त्या पडद्याकडे बघत बसले. उत्तर आलं नाही.

आली ती मारिसेला. एका हातात मका, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. चेहरा रागानं लाल झालेला.

"आत्याचा फोन आहे," ती म्हणाली. "कुणीतरी मेल्यानं तुमच्या नावानं मेसेज पाठवलाय तिला. मला घेऊन जा म्हणे, कोणाला सांगू नकोस म्हणे. तिच्या शेजारणीला असंच बोलावून लुबाडलं होतं. लाज कशी वाटत नाही यांना?"

तिनं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला.

"दादा," चायोचा आवाज घाबरलेला होता, "खरं सांग. तू तर नाही ना लिहिलंस?"

पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना विचारत होतं. मारिसेला उत्तर द्यायला गेली नाही. ती मक्यावर फुंकर घालत होती, त्यांचं तोंड भाजू नये म्हणून. नेतोनं मान खाली घातली होती. एका शब्दाचं काम होतं. फिदेन्सिओंनी तोंड उघडलं, मुलीकडे पाहिलं, आणि तो शब्द गिळला.

"चोर असेल कुणीतरी," ते म्हणाले. "उत्तर देऊ नकोस, चायो."