मेझुझाची उंची

सरकारी व्हॅनने उडवल्यापासून मोझेलमावशींचा उजवा हात कमरेच्या वर जात नव्हता. भरपाईचा अंदाज बांधायला त्याच सरकारी खात्याने आपला अधिकारी रूबेन याला त्यांच्या लंडनजवळच्या स्लाऊमधल्या घरी पाठवलं. “आपल्या बेने इस्रायल ज्यूंतलाच पोरगा आलास, देव पावला!” मावशी हरखल्या. निघताना रूबेन दारात रेंगाळला. चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनाच्या डबीला, हात लावल्याशिवाय मावशी उंबरठा ओलांडणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. मावशींनी डबीला उजव्या हाताची बोटं टेकवली. त्याने फोटो काढला. डबी कमरेशी, तर जुन्या खिळ्यांची भोकं खांद्याच्या उंचीवर होती. “तिथवर हात पोचेना रे, म्हणून खाली ठोकून घेतली,” मावशी ओशाळल्या. ट्रेनमध्ये त्यांनी बांधून दिलेला मलिदा खात रूबेनने फोटो कापून त्यात फक्त हात आणि डबी ठेवली. अहवालात लिहिलं: ‘मेझुझा धर्मनियमानुसार खांद्याच्या उंचीवर असते. अर्जदार बाईंचा उजवा हात तिथे सहज पोचतो.’