चौदाव्या होलचा खड्डा

आमच्या स्कॉटिश गावचं गोल्फचं मैदान मी कॉम्प्युटर गेमसाठी हुबेहूब उभारत होतो. चौदाव्या होलपाशी मात्र वाळूचा एक खड्डा डोकं फिरवत होता. कितीदा बुजवला, तरी गेम उघडला की तो तिथेच.

"खऱ्या मैदानात तिथे खड्डा नाहीच, इनिस. तुझ्या गेममध्ये कुठून आला?" बायको कर्स्टी हसली.

"तेच शोधतोय ना."

काल त्या वाळूत बुटांचे ठसे दिसले. आत जाणारे होते, बाहेर येणारे नव्हते. मी तर ठसे काढलेच नव्हते.

गोल्फमध्ये खड्ड्यातून निघताना माणूस वाळूवर दाताळं फिरवून आपले ठसे मोडतो. आज सकाळी गेम उघडला, तर ती वाळू सपाट होती.

तेवढ्यात खालून कर्स्टी करवादली, "बूट दारात काढायला काय होतं रे? पार तुझ्या खोलीपर्यंत जिनाभर वाळू."

मी सकाळपासून खाली उतरलोच नव्हतो.