वळणावरचा पाय

बुद्धप्रियानं त्याच वळणावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिनाचा चढता आवाज मध्येच दबला, गाडी क्षणभर रेंगाळली आणि मग पुढं निघून गेली. जाळी धरून उभ्या असलेल्या आनंदराजनं रोखून धरलेला श्वास सोडला.

लातूरहून रेणापूरकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून हा कार्टिंगचा ट्रॅक होता. जमिनीला चिकटून पळणाऱ्या, छत नसलेल्या छोट्या गाड्या आणि त्यांत हेल्मेट घातलेली शाळकरी पोरं. आनंदराज नांदेडला पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. रविवार आला की लेकीला घेऊन इथं यायचा. बारा वर्षांची बुद्धप्रिया लहान गटात सगळ्यांच्या पुढं असायची. तिला गाठणारं कुणी उरलंच नव्हतं. आज तिला पहिल्यांदा मोठ्या गटाची गाडी दिली होती. गाडी जड, इंजिन दांडगं आणि आजूबाजूला मिसरूड फुटलेली पोरं. तिनं आता वर जायचं की आणखी एक वर्ष खालीच राहायचं, हे आज ठरायचं होतं.

राजशेखर सर हातातल्या घड्याळाकडं बघत शेजारी येऊन उभे राहिले. पोरांना शिकवणारे तेच. माणूस उदगीरचा, बोलायला मोकळा.

“लई भारी चालवून राहिली हो पोरगी. त्या मोठ्या पोरांना मागं टाकून राहिली. फक्त ह्या एका वळणावर पाय उचलती. इथं भेती, बहुतेक.”

“मग थांबू या ना एक वर्ष,” आनंदराज लगेच म्हणाला.

“थांबू की. पण मोठ्या गटातली पोरं यंदा कोईमतूरच्या शर्यतीला न्यायची हायत. ही वर आली तर हिलाबी नेतो. पुढच्या वर्षीचा शब्द मला देता येत न्हाई. आणि पोर गटापेक्षा मोठं झालं ना, की खाली ठेवून त्याचा हात बिघडतो. बघा तुम्ही. शेवटी लेक तुमची हाय.”

मागच्या उन्हाळ्यात ह्याच वळणावर प्रेम नावाच्या मुलाची गाडी टायरांच्या भिंतीवर चढून उलटली होती. जाळी ओलांडून सगळ्यात आधी पोचला तो आनंदराजच. पोराचं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ते केव्हाच जुळलं. प्रेम आत्तासुद्धा समोर मजेत गाडी पळवत होता. आनंदराज मात्र तेव्हापासून इथंच उभा राहायचा. काही झालंच तर आपण जवळ असावं, एवढंच त्याच्या मनात.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आत आला आणि राखणदारानं आनंदराजला तिथून हलायला सांगितलं. नाइलाजानं तो पलीकडं, दुसऱ्या वळणावरच्या पत्र्याच्या शेडपाशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं सर तिथं आले. त्यांच्या कपाळावर आठी होती.

“काही कळून न्हाई राहिलं. टँकरपाशी आता सुसाट जाती. आणि इथं, शेडपाशी, पाय उचलती. इथं तर कधीच उचलला नव्हता तिनं.”

सर पुढं गेले. आनंदराज तिथंच उभा. पुढच्या फेरीला त्यानं नीट पाहिलं. वळणावर येताना लेकीचं हेल्मेट किंचित त्याच्याकडं वळलं, आणि आवाज दबला.

तो शेडच्या मागं गेला, पत्र्याला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले. लेकीची गाडी आली. आवाज चढत गेला, चढतच गेला, वळण घेऊन लांब निघून गेला. कुठंच दबला नाही.

तिच्या फेऱ्या संपल्या. बुद्धप्रियानं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते, चेहरा फुललेला होता. आनंदराज तिच्याजवळ गेला.

“पाय का उचलतीस, बाळा?”

“कुठं? न्हाई तर.”

“मी उभा असतो तिथं उचलतीस.”

ती खाली मान घालून हातमोजे काढत राहिली.

“तुमचं तोंड दिसतंय की पप्पा तिथून,” ती हळूच म्हणाली. “प्रेम पडला तेव्हा झालं होतं तसं. मी थोडी हळू घेतली की ते नीट होतं.”

आनंदराजला बोलायचं होतं. तू जा वर, मी बाहेर आपल्या गाडीत बसून राहतो, नाहीतर तुझ्या आईला पाठवतो, मी येतच नाही, असं सगळं त्याच्या मनात जमून आलं होतं. तेवढ्यात मागून प्रेमची गाडी कर्कश आवाज करत वळणावर शिरली. आनंदराजचा हात आपोआप शेजारच्या जाळीकडं गेला आणि तारेत बोटं रुतली. त्यानं ती सोडवायचा प्रयत्न केला. सुटेनात. बुद्धप्रिया त्या बोटांकडं बघत होती.

राजशेखर सर जवळ आले. “हां, मग काय ठरलं?”

आनंदराजनं तोंड उघडलं.

“सर, तिला...” एवढंच निघालं.

“पुढच्या वर्षी बघू, सर,” बुद्धप्रिया म्हणाली. “अजून तयारी झाली न्हाई.”

सर जरा खट्टू झाले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “असू दे. भीती काय, जाती हळूहळू.”

“हाव सर, जाईल,” ती म्हणाली.

भीती कुणाची, ते तिनं सांगितलं नाही. आणि आनंदराजलाही ते सांगता आलं नाही.