असा माणूस असू शकत नाही

चेकरने चष्मा पुसला, टॅब जवळ ओढला आणि कोणाच्या तरी लेखाला गुण द्यायला बसला. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्याची उभी हयात शर्ट तपासण्यात गेली होती. निवृत्त झाला तरी घरचेदारचे त्याला चेकरच म्हणत. चूक काढायची म्हटली की गड्याला अजून हुरूप यायचा.

लेकीने एका फुकटच्या ऑनलाइन कोर्सची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती. 'आठवणी लिहूया', मोठ्या माणसांसाठी, सहा धडे. ती आपल्यासाठीच आहे, हे त्याने धरूनच टाकलं. या आठवड्याचा गृहपाठ होता, घरातल्या एका माणसावर नाव न घेता लिहा. त्याने बायकोवर लिहिलं होतं. 'मला काय हवं ते तिला न सांगता कळतं.' दहापैकी आठ पडले. आता दुसऱ्या कोणाचा तरी लेख त्याने तपासायचा होता. कोणी लिहिलं ते तपासणाऱ्याला दिसत नसे, कोणी तपासलं ते लिहिणाऱ्याला. पाचाच्या खाली गुण पडले की पुढचा धडा बंद.

लेख एवढासाच होता.

'आमच्या घरातला माणूस मला हाक मारत नाही. बोटातली अंगठी कपावर वाजवतो. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की पाणी. तसा माणूस वाईट नाही. परवा दवाखान्यात बसले होते. काउंटरवर कोणीतरी नाणं वाजवलं आणि मी चटकन उठून उभी राहिले. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. मग पंखा लागत नाही असं पुटपुटले आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले.'

"काहीही लिहितात लोक," चेकर स्वतःशीच म्हणाला. एका बोटाने, पण अगदी मन लावून त्याने शेरा टाइप केला. 'राईचा पर्वत केला आहे. बायकोला कोणी कप वाजवून बोलावतं का? असा माणूस असू शकत नाही. आधी खरं लिहायला शिकावं.' गुण तीन. पाठवलेला शेरा मागे घेता येणार नाही, असं खाली बारीक अक्षरात होतं. होतं तर होतं. त्याने बाद केलेला शर्ट कारखान्यात कधी कोणी परत आत घेतला नव्हता.

काम फत्ते झालं. चहाची तल्लफ आली. टक.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. टॉवेलला हात पुसत बायको आली, रिकामा कप उचलला आणि काही न विचारता आत गेली.

चेकरचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. आपलं घोरणं आपल्याला कधी ऐकू येत नाही. आज ऐकू आलं. दवाखान्यात त्याचाच गुडघा दाखवायला गेले होते दोघं. तो डॉक्टरांकडून बाहेर आला तेव्हा ती भलत्याच खुर्चीवर बसलेली दिसली होती. "एका जागी बसवत नाही का तुला?" असं तो चारचौघांत तिच्यावर डाफरला होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॅब उघडून त्याने त्या तीनच्या आकड्यावर बोट दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. आकडा ढिम्म हलेना.

ती चहा घेऊन आली आणि तेवढ्यात कपाटावरचा तिचा फोन वाजला. तिने उभ्याउभ्याच वाचलं. मग त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. या वेळेला ती कधी बसत नसे.

"तुम्हाला बोलले नव्हते," ती म्हणाली. "लेकीने पाठवला ना, तो कोर्स मीपण करते. तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. हसाल म्हणून नाही सांगितलं."

"हसेन कशाला?" त्याच्या घशाला कोरड पडली होती. पाणी हवं होतं. हात कपाकडे गेला, तो त्याने झटका बसल्यासारखा मागे घेतला.

"नापास झाले. पुढचा धडा आता उघडायचा नाही. त्यात आईवर लिहायचं होतं हो मला."

तो शेरा मी लिहिला. एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले आणि लाजेने परत फिरले. टेबलाखाली तो अंगठी ओढत होता. लग्नातली अंगठी, पेराच्या पुढे सरकेना.

"राग आला असेल तुला," तो कसाबसा म्हणाला.

"आला ना आधी." तिने शेरा वाचून दाखवला. राईचा पर्वत वाचलं, खरं लिहायला शिकावं तेही वाचलं. मधलं कपाचं वाक्य मात्र तिने गाळलं. त्याला लागू नये म्हणून गाळलं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने मान खाली घातली ती वर करवेना.

"आणि हे बघा. 'असा माणूस असू शकत नाही.'" ती थोडी हसली. "त्याच्या मनातसुद्धा येत नाही हो असं काही. भला माणूस असणार कोणीतरी."

तिने फोन उपडा ठेवला आणि गार होत चाललेला कप त्याच्याकडे सरकवला.

"नशीब काढलंय त्याच्या बायकोने," ती म्हणाली.